मिसरी, विडी आणि पोटातले बाळ



ऊस विकास विभागाचा लेख म्हटला की लागण, बेणे, खोडकिडा असे काही येणार, ही आपली अपेक्षा. पण गेल्या हंगामात नोंदीसाठी एका वस्तीवर गेलो, तर दारातच तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा ठसका लागला. सून सात महिन्यांची गरोदर. सासूबाई म्हणाल्या, "साहेब, मिसरी लावल्याबिगर तिला चैन पडत नाय, मळमळतंय." मी शेतकी पदविकेचा माणूस, गप्प बसलो. पण ते मनाला लागले. म्हणून जाणकारांना विचारून हे लिहितो आहे.

आपण बेण्याला ॲसिटोबॅक्टर लावतो. हा उपयोगी जिवाणू उसात घर करतो आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतो. बाईच्या जननमार्गातही असे हितकारी जिवाणू असतात. ते दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद. ते आम्ल तयार करतात, त्यामुळे परक्या जंतूंना थारा मिळत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हे जिवाणू कमी आढळतात आणि त्यांच्या जागी भलतेच जंतू वस्ती करतात. ऊस विरळ उगवला की हराळी माजते, तसेच हे. गरोदरपणी अशी बाधा झाली तर दिवस भरण्याआधीच बाळंतपण होण्याचा धोका वाढतो.

"आमच्या बायका कुठं विडी ओढतात?" असे आपण म्हणाल. पण मिसरी हीसुद्धा तंबाखूच! तिचे निकोटिन तोंडातून रक्तात जाते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. मुंबईत बाराशेवर गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. मिसरी वा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. कारखान्याच्या काट्यावर दहा किलोंचा फरक पडला तरी आपण भांडतो, हे इथे सांगावेसे वाटते.

आणि विडी ओढतो तो नवरा किंवा सासरा, तोही घरात बसून. तो धूर गरोदर बाईच्याही छातीत जातो. तोडणी कामगारांच्या कोपीत तर धुराला बाहेर जायला वाटच नसते.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी फुकट होते. तिथे लघवीही तपासतात. अंगावरून वास येणारे पाणी जात असेल तर बाईने ते न लाजता तिथे सांगावे. मिसरीचेही सांगावे. त्या वस्तीवर मी येत्या नोंदीला पुन्हा जाणार आहे, या वेळी सासूबाईंशी बोलायला.