फिफ्थ व्हील : पिकअपवर टेकलेले घर

अमेरिकेत लांबच्या सहलींसाठी लोकप्रिय असलेले फिफ्थ व्हील हे पिकअप ट्रकने ओढायचे फिरते घर असते. घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी आडवे चाक बसवत. त्या पाचव्या चाकावरून हे नाव पडले. ट्रेलरखालची पोलादी खीळ ट्रकच्या हौद्यातील खाचेत अडकते. ही जोडणी मागच्या आसाच्या वर असल्याने ट्रेलरचा साधारण १५ ते २५ टक्के भार ट्रकवर पडतो. त्यामुळे ट्रेलर वाऱ्यात कमी डोलतो आणि अरुंद वळणावरही नीट वळतो. हौद्यावरच्या उंच भागात बहुधा झोपायची खोली असते. मुक्कामी ट्रेलर सोडला की ट्रक भटकंतीला मोकळा होतो.

मात्र असा ट्रेलर ओढायला दणकट पिकअपच लागतो, हौद्यात सामानाला जागा उरत नाही आणि इंधन जास्त जळते. अनेक ट्रेलर १२-१३ फूट उंच असल्याने ठेंगणे पूल आणि झाडांच्या फांद्यांपासून जपावे लागते.