जीवनसत्त्वांच्या गोळ्या : गरज कोणाला आणि कोणाला नाही?

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या पूरक गोळ्या औषधांच्या दुकानांत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सहज उपलब्ध होतात. थकवा, केस गळणे किंवा वारंवार होणारी सर्दी यांवर उपाय म्हणून अनेक जण त्या स्वतःहून घेतात. मात्र चौरस आहार घेणाऱ्या निरोगी प्रौढ व्यक्तीला अशा गोळ्यांची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. याउलट ज्यांना त्यांची खरोखरच गरज आहे, अशा असंख्य महिलांकडून गोळ्यांचा ठरलेला क्रम पूर्ण होत नाही.

आहारातून किती मिळते?

जीवनसत्त्वे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे असते. १०० ग्रॅम पेरूमधून सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. तेवढ्याच नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसभरातील उष्मांकांपैकी तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, असे त्यांत म्हटले आहे. प्रत्यक्षात भारतीयांच्या आहारात हा वाटा ५० ते ७० टक्के आहे. म्हणजेच पोळी-भात भरपूर, पण डाळी, भाज्या, फळे व दूध कमी, हे उणिवेचे मूळ कारण आहे. गोळीतून एखादे जीवनसत्त्व मिळाले, तरी डाळीतील प्रथिने आणि भाजीतील तंतुमय पदार्थ त्यातून मिळत नाहीत.

गोळ्या कोणासाठी आवश्यक?

गर्भवती महिलांसाठी लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या आवश्यक मानल्या जातात. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमांतर्गत त्यांना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असलेली गोळी दररोज, किमान १८० दिवस घेण्यास सांगितले जाते. ही गोळी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय होता. परंतु गर्भावस्थेत १८० दिवस वा त्याहून अधिक काळ गोळ्या घेतलेल्या मातांचे प्रमाण केवळ २६ टक्के होते.

मळमळ, बद्धकोष्ठता किंवा शौचाचा रंग काळा होणे यांमुळे काही महिला गोळ्या मध्येच थांबवतात. काळा रंग लोहामुळे येतो आणि तो धोकादायक नसतो. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घेता येते. त्रास कायम राहिल्यास गोळ्या बंद करण्याऐवजी आरोग्यसेविकेचा सल्ला घ्यावा.

गर्भाच्या मज्जारज्जूची रचना गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच आकार घेते. त्यामुळे फोलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीपासून सुरू करणे हितावह ठरते.

ब-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या दूध, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते. दूधही न घेणारे शाकाहारी आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणारे रुग्ण यांच्यात त्याची कमतरता संभवते. घराबाहेर फारसे न पडणाऱ्या वृद्धांना ड जीवनसत्त्व कमी पडू शकते. बालकांना अ जीवनसत्त्वाची मात्रा नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत ठरावीक अंतराने दिली जाते.

अतिरेक घातक

क जीवनसत्त्वासारखी पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जादा झाल्यास बहुतांशी लघवीवाटे बाहेर टाकली जातात. अ, ड, ई आणि के ही मात्र मेदात विरघळणारी असल्याने अ आणि ड यांसारख्या जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा शरीरात साठून अपाय करू शकतात. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याचे त्यात आढळून आले. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागल्यास विषबाधा होऊ शकते. त्या मुलांपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

काय करावे?

सतत थकवा जाणवत असल्यास प्रथम हिमोग्लोबिनची आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार अन्य तपासणी करून घ्यावी. थकव्यामागे थायरॉइडचा विकार किंवा मधुमेहही असू शकतो आणि शक्तिवर्धक गोळ्यांच्या भरवशावर राहिल्यास निदानास विलंब होतो. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास अन्नातील लोह अधिक शोषले जाते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे ते कमी शोषले जाते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही एकाच वेळी घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यावी; स्वतःहून सुरू केलेल्या गोळीची मात्र खरोखर गरज आहे का, हे त्यांना अवश्य विचारावे.