दक्षिण आफ्रिकेतील टाउनशिपमधील शालेय विद्यार्थ्यांसाठीचे सेवाभावी प्रकल्प : दानाकडून हक्काकडे

सारांश

दक्षिण आफ्रिकेत वंशभेदाच्या राजवटीत शहरांच्या कडेला वसविण्यात आलेल्या टाउनशिप या वस्त्यांमध्ये वंचित विद्यार्थ्यांसाठी अनेक सेवाभावी प्रकल्प चालविले जातात. आहार, अभ्यासास साहाय्य, आरोग्य आणि वाचन ही त्यांची प्रमुख क्षेत्रे होत. प्रस्तुत लेखात या प्रकल्पांच्या कार्यपद्धतीचा निवडक उदाहरणांच्या आधारे परामर्श घेतला आहे. उणीव भरून काढणे, कार्याचा नमुना सिद्ध करणे आणि शासनाकडे हक्काची मागणी करणे अशी तीन कार्ये हे प्रकल्प करतात आणि या तिन्हींच्या आधारेच त्यांचे मूल्यमापन व्हावयास हवे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : टाउनशिप, वंशभेद, शालेय पोषण, सेवाभावी संस्था, शिक्षणाचा हक्क.

१. प्रस्तावना

वंचित मुलांच्या शिक्षणास मदत करणे हे सत्कृत्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तथापि मदत कोणत्या स्वरूपाची असावी, ती किती काळ चालावी आणि तिचा शेवट कोठे व्हावा, हे प्रश्न सदिच्छेने सुटत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील टाउनशिपचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे मुलांची वंचितता ही निव्वळ दारिद्र्यातून उद्भवलेली नाही, ती कायद्याने घडविलेली आहे. त्याच देशाने १९९६ च्या संविधानात मूलभूत शिक्षणाचा हक्क प्रत्येकास दिला. कायद्याने हिरावलेले आणि कायद्यानेच परत देऊ केलेले शिक्षण प्रत्यक्षात मुलापर्यंत पोहोचविण्याच्या प्रक्रियेत सेवाभावी संस्थांची भूमिका कोणती, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. टाउनशिप : स्वरूप व पार्श्वभूमी

इंग्रजीतील ‘टाउनशिप’ या शब्दाला दक्षिण आफ्रिकेत विशिष्ट अर्थ प्राप्त झाला आहे. शहरातील कारखान्यांना, घरांना व खाणींना कृष्णवर्णीयांचे श्रम हवे होते, परंतु त्यांचे वास्तव्य शहरात नको होते. त्यामुळे शहरापासून दूर त्यांच्यासाठी स्वतंत्र वस्त्या निर्माण केल्या गेल्या. १९२३ च्या नागरी क्षेत्रविषयक कायद्याने या विभाजनाचा पाया घातला आणि १९५० च्या समूह क्षेत्र कायद्याने ते अधिक कठोर केले. जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येकडील सोवेटो हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. केपटाउनजवळील खायेलित्शा ही वस्ती १९८० च्या दशकात वसविण्यात आली. खोसा भाषेत या नावाचा अर्थ ‘नवे घर’ असा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे ३ लाख ९२ हजार होती आणि निम्म्याहून अधिक कुटुंबे पत्र्याच्या वा लाकडाच्या कच्च्या घरांत राहत होती.

शिक्षणाच्या बाबतीत १९५३ चा बांटू शिक्षण कायदा निर्णायक ठरला. तत्कालीन मंत्री हेंड्रिक फर्वूर्ट यांच्या पुढाकाराने झालेल्या या कायद्यान्वये कृष्णवर्णीयांचे शिक्षण शासनाच्या नियंत्रणाखाली आले. मिशनरी शाळांना ते स्वीकारावे लागले किंवा अनुदानास मुकावे लागले. श्रमिकाला जेवढे आवश्यक तेवढेच शिक्षण, हे या धोरणाचे सूत्र होते. अध्यापनासाठी आफ्रिकान्स भाषेची सक्ती केल्याने १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात अनेक मुले मृत्युमुखी पडली.

१९९४ मध्ये राजवट बदलली, तरी अनेक दशकांत साचलेली विषमता एका निवडणुकीने नाहीशी होणे शक्य नव्हते. शासनाने २००७ पासून गरीब भागांतील शाळांचे शुल्क रद्द करण्यास प्रारंभ केला. परंतु शुल्क नसणे म्हणजे खर्च नसणे नव्हे. गणवेश, प्रवास, वह्या आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळीसाठी लागणारे साहित्य यांचा भार कुटुंबावर राहतोच. शिक्षणाच्या गुणवत्तेचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत दक्षिण आफ्रिकेतील चौथीच्या ८१ टक्के विद्यार्थ्यांना कोणत्याही भाषेत अर्थ समजून वाचता येत नसल्याचे आढळले. २०१६ मध्ये हे प्रमाण ७८ टक्के होते.

३. आहार : दानापासून न्यायालयापर्यंत

टाउनशिपमधील सेवाकार्याचा सर्वांत जुना धागा अन्नाचा आहे. जोहान्सबर्गच्या सोफियाटाउन भागात कार्य करणारे इंग्रज धर्मगुरू ट्रेव्हर हडलस्टन यांनी १९४५ मध्ये ‘आफ्रिकन चिल्ड्रन्स फीडिंग स्कीम’ ही योजना सुरू केली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठीचा शासकीय शालेय आहार १९५० च्या दशकात गुंडाळला गेला आणि १९५८ मध्ये केपटाउन परिसरात ‘पेनिन्सुला स्कूल फीडिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. शासनाने हात काढून घेतला तेथे नागरिकांनी हात पुढे केला, असे या काळाचे वर्णन करता येईल.

१९९४ मध्ये अध्यक्ष नेल्सन मंडेला यांच्या शासनाने प्राथमिक शाळांसाठी पोषण कार्यक्रम सुरू केला. २००४ मध्ये तो आरोग्य विभागाकडून शिक्षण विभागाकडे आला आणि पुढे गरीब भागांतील माध्यमिक शाळांपर्यंत विस्तारला. आज या कार्यक्रमाद्वारे ९० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना शाळेच्या दिवशी भोजन मिळते. सेवाभावी संस्थांनी अर्धशतक टिकवून धरलेले कार्य अशा रीतीने राष्ट्रीय धोरण झाले. तथापि संस्था अनावश्यक ठरल्या नाहीत. ज्या शाळा कागदोपत्री ‘सधन’ गटात गणल्या गेल्या, परंतु जेथील मुले गरीबच आहेत, अशा शाळांना शासकीय योजनेचा लाभ आपोआप मिळत नाही. ही फट भरून काढण्याचे काम संस्थांकडे राहिले.

या प्रक्रियेचा खरा कस २०२० मध्ये लागला. कोविडच्या साथीमुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्यांबरोबर भोजनही थांबले. जूनमध्ये सातवी व बारावीचे वर्ग उघडले, परंतु उर्वरित इयत्तांच्या विद्यार्थ्यांना भोजन देण्याचे आश्वासन शासनाने पाळले नाही. तेव्हा ‘इक्वल एज्युकेशन’ ही संघटना आणि लिम्पोपो प्रांतातील दोन शाळांच्या व्यवस्थापन समित्या न्यायालयात गेल्या. १७ जुलै २०२० रोजी प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विद्यार्थी वर्गात उपस्थित असो वा घरून अभ्यास करीत असो, पात्र विद्यार्थ्याला भोजन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. हा आहार विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या व पोषणाच्या हक्काचा भाग आहे, हे या निर्णयाचे सार होय. १९४५ मध्ये एका धर्मगुरूच्या करुणेतून सुरू झालेली गोष्ट पंचाहत्तर वर्षांनी न्यायालयात मागता येण्याजोगी झाली होती.

४. अभ्यासास साहाय्य : लाभार्थीच साहाय्यकर्ता

दुसरे उदाहरण ‘इकाम्वायुथ’ या संस्थेचे आहे. खोसा भाषेत ‘इकाम्वा’ म्हणजे भविष्य. जॉय ऑलिव्हिए आणि मखोसी गोग्वाना या दोन तरुण संशोधकांनी २००३ मध्ये खायेलित्शात या कार्याचा प्रारंभ केला. गणित व विज्ञान घेऊन उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अत्यल्प संख्या त्यांना संशोधनात दिसून आली होती. अहवाल लिहून थांबण्याऐवजी त्यांनी मित्रपरिवारासह शनिवारी विद्यार्थ्यांना शिकविण्यास सुरुवात केली.

या संस्थेच्या पद्धतीची तीन वैशिष्ट्ये लक्षणीय आहेत. प्रवेशासाठी गुणांची अट नाही, मात्र उपस्थितीची आहे. ठरलेले प्रमाण न राखणाऱ्या विद्यार्थ्याला आपली जागा गमवावी लागते. म्हणजे निवड हुशारीवरून होत नाही, चिकाटीवरून होते. दुसरे असे की, येथे वर्गाप्रमाणे व्याख्यान दिले जात नाही. विद्यार्थी लहान गटात बसून आपल्या अडचणी मांडतात व साहाय्यक त्यांची उकल करण्यास मदत करतो. तिसरे वैशिष्ट्य सर्वांत महत्त्वाचे आहे. येथून बाहेर पडून विद्यापीठात गेलेले विद्यार्थी परत येऊन पुढच्या पिढीला शिकवितात. त्याच वस्तीतून, तशाच घरातून आलेला अभियांत्रिकीचा विद्यार्थी जेव्हा शेजारी बसून समीकरण सोडवितो, तेव्हा तो गणिताबरोबरच शक्यतेचाही पाठ देत असतो. बाहेरून आलेल्या कितीही सद्‌भावी दात्याला हे साध्य होणे कठीण आहे.

५. विस्तार की सखोलता ?

तिसरे उदाहरण मूल्यमापनाचा एक मूलभूत प्रश्न उपस्थित करते. पोर्ट एलिझाबेथ (२०२१ पासून अधिकृत नाव गेबेऱ्हा) येथील टाउनशिपमध्ये मालिझोले बँक्स ग्वाक्सुला हे शिक्षक आणि जेकब लीफ हा अमेरिकी तरुण यांनी १९९९ मध्ये ‘उबुंटू एज्युकेशन फंड’ ची स्थापना केली. संस्थेचे सध्याचे नाव ‘उबुंटू पाथवेज’ असे आहे. माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, हा विचार ‘उबुंटू’ या शब्दात सामावलेला आहे.

आरंभी संस्थेने अनेक शाळांतून ग्रंथालये, संगणक व आरोग्यशिक्षण पुरविले आणि लाभार्थींची संख्या चाळीस हजारांपर्यंत गेली. आकडा प्रभावी होता, परंतु या मुलांच्या आयुष्यात नेमका कोणता बदल झाला, याचे समाधानकारक उत्तर संस्थेजवळ नव्हते. त्या काळात एच.आय.व्ही. साथीने टाउनशिपमधील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त केली होती. घरी आई आजारी, स्वयंपाकघर रिकामे आणि शाळेत मात्र नवा संगणक, अशी विसंगती संस्थेच्या ध्यानात आली. तेव्हा तिने जाणीवपूर्वक आपला व्याप सुमारे दोन हजार मुलांपुरता मर्यादित केला. गर्भवती मातेच्या आरोग्यसेवेपासून मुलाला रोजगार मिळेपर्यंत आहार, उपचार, समुपदेशन व शिक्षण ही साखळी अखंड ठेवण्याचे धोरण तिने स्वीकारले. २०१० मध्ये झ्विडे टाउनशिपमध्ये संस्थेचे सुसज्ज केंद्र उभे राहिले.

या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. प्रत्येक मुलावर होणारा खर्च अशा पद्धतीत पुष्कळ वाढतो आणि निधी प्रामुख्याने परदेशी दात्यांकडून येतो. वस्तीतील सर्व मुलांपर्यंत हा नमुना पोहोचविणे कोणत्याही एका संस्थेला शक्य नाही. मात्र गरीब मुलाला पूर्ण आधार दिल्यास तो काय करू शकतो, हे सिद्ध करण्याचे काम अशी संस्था करते. नमुना सिद्ध करणे हे सेवाकार्याचे दुसरे कार्य ते हेच.

६. खिडक्यांपासून कायद्यापर्यंत

२००८ मध्ये खायेलित्शातच स्थापन झालेल्या इक्वल एज्युकेशनने तिसरे कार्य ठळक केले. तेथील लुहलाझा माध्यमिक शाळेच्या सुमारे ५०० खिडक्या फुटलेल्या होत्या व हिवाळ्यात वर्गात वारा-पाऊस येत असे. देणग्या गोळा करून काचा बसविणे हा सोपा मार्ग होता. विद्यार्थ्यांनी त्याऐवजी छायाचित्रे काढली, स्वाक्षऱ्या गोळा केल्या, मोर्चा काढला आणि शासनाला दुरुस्ती करण्यास भाग पाडले. काही लाख रँडच्या दुरुस्तीतून एक राष्ट्रीय मागणी जन्माला आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये शाळांच्या भौतिक सुविधांचे किमान निकष कायदेशीर स्वरूपात जाहीर झाले. पाणी, वीज व स्वच्छतागृहे यांपासून पूर्णतः वंचित असलेल्या शाळांना तीन वर्षांत या सुविधा देण्याचे त्यात बंधन होते.

ही मुदत पाळली गेली नाही, हेही तितकेच खरे. २०२४ मध्ये शासनाने दुरुस्ती करून नियमांतील मुदतीच काढून टाकल्या. हक्क कागदावर आल्यानेही तो अमलात येतोच असे नाही. त्याची राखण करणारे लोक हवे असतात, आणि येथे ते लोक गणवेशातील विद्यार्थी होते.

७. मर्यादा व आक्षेप

सेवाभावी प्रकल्पांवरील आक्षेपांचाही विचार आवश्यक आहे. पहिला आक्षेप अल्पकालीन परदेशी स्वयंसेवकांविषयी आहे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधक लिंडा रिक्टर व एमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये अनाथ मुलांच्या संस्थांना भेट देणाऱ्या पर्यटकांच्या प्रवृत्तीवर टीका केली. चार आठवडे लळा लावून निघून जाणारी माणसे आधीच वियोग सोसलेल्या लहान मुलांचे नुकसान करतात, असा त्यांचा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप वस्तूंच्या दानाविषयी आहे. पुस्तके दिली जातात, परंतु ती मुलाच्या भाषेत नसतात. या पार्श्वभूमीवर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘नालिबाली’ ही वाचनमोहीम उल्लेखनीय ठरते. ती मुलांच्या घरच्या भाषांतून गोष्टी उपलब्ध करून देते आणि वस्तीतील प्रौढांच्या साहाय्याने वाचनमंडळे चालविते. तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे : संस्था काम करतात म्हणून शासनाची जबाबदारी शिथिल होते. आहार योजनेचा इतिहास पाहता या आक्षेपाचे उत्तर असे देता येते की, संस्थेने आपले कार्य शासनाच्या जागी मांडले तर तो खरा ठरतो आणि शासनासमोर मांडले तर तो गळून पडतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) टाउनशिपमधील वंचितता ही धोरणनिर्मित असल्याने केवळ वस्तुरूप मदतीने तिचे निराकरण होत नाही.

२) उणीव भरून काढणे आवश्यक आहे, कारण भुकेले मूल धोरण बदलण्याची वाट पाहू शकत नाही. मात्र तेवढ्यावर थांबणारा प्रकल्प दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो.

३) जो प्रकल्प लाभार्थ्याला पुढे साहाय्यकर्ता करतो, तो अधिक काळ टिकतो व वस्तीचा होतो.

४) लाभार्थींची संख्या हा यशाचा पुरेसा निकष नाही. मुलाला किती काळ व किती बाजूंनी आधार मिळाला, हेही मोजले पाहिजे.

५) दानाचे हक्कात रूपांतर होणे ही सेवाकार्याची श्रेष्ठ परिणती होय, परंतु त्या हक्काच्या अंमलबजावणीवर समाजाची सतत देखरेख आवश्यक असते.

विद्यार्थ्यांसाठी साहाय्याचा कोणताही उपक्रम आखताना ‘आपण काय देणार’ या प्रश्नाबरोबरच ‘उद्या आपण नसलो तर या मुलाला ते कोणाकडे मागता येईल’ हा प्रश्नही विचारला जावा. खायेलित्शातील विद्यार्थ्यांनी शाळेच्या फुटक्या खिडक्यांसाठी दात्याचे दार न ठोठावता शासनाचे ठोठावले, त्यामागे हाच प्रश्न होता.