दुसरं वर्ष आणि अठरावा सामना

मुरबाड-शहापूरकडे कबड्डीचा हंगाम तारखेने सुरू होत नाही, भाताने होतो. पावसाळाभर शेतात चिखल आणि मैदानात गुडघाभर गवत. दिवाळीच्या मागेपुढे कापणी लागते, भारे खळ्यावर येतात, झोडणी उरकते, आणि मग कुठल्या तरी गावात रिकाम्या झालेल्या खाचराची ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून मैदान तयार होतं. पौष पौर्णिमेला मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली ही यात्रा सुरू होते, तोवर आसपासच्या गावांत रात्रीच्या सामन्यांचे दिवे लागलेले असतात. मृगाचा पाऊस पडला की हंगाम आपोआप बंद. किती सामने व्हावेत यावर इथे कुणी बैठक घेत नाही. ते काम ढगच करतात.

जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडा लीगमध्ये मात्र याच प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद झडतो आहे. अमेरिकन फुटबॉलची एनएफएल ही बत्तीस संघांची स्पर्धा. तिथे १९६१ साली प्रत्येक संघ साखळीत १४ सामने खेळू लागला, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७. आता मालकांना अठरावा हवा आहे. सामना वाढला की प्रक्षेपणाचा आणि तिकिटांचा पैसा वाढतो. पण धडकांचा खेळ असल्यामुळे गुडघे, खांदे आणि डोकीही जास्त फुटतात. म्हणून खेळाडूंच्या संघटनेची मान्यता लागते. सतराव्या सामन्याची वाट मोकळी करणारा करार २०२० मध्ये खेळाडूंपुढे मतदानाला आला, तेव्हा बाजूने १,०१९ आणि विरोधात ९५९ मतं पडली. साठ मतांनी एक सामना वाढला.

त्याच लीगचा दुसरा नित्याचा विषय म्हणजे प्रशिक्षकांची उचलबांगडी. साखळी संपल्यानंतरच्या सोमवारला तिथे ‘ब्लॅक मंडे’ म्हणतात, कारण हरलेल्या संघांचे मालक त्या दिवशी प्रशिक्षकांना नारळ देतात. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने बिल बेलिचिक यांना २००० पासून २४ हंगाम ठेवलं आणि सहा विजेतेपदं मिळवली. त्यांच्या जागी आलेल्या जेरॉड मेयो यांना एकाच हंगामात, १३ पराभवांनंतर, जानेवारी २०२५ मध्ये घरी पाठवलं. पिट्सबर्ग स्टीलर्सने मात्र १९६९ ते २०२४ एवढ्या काळात तीनच मुख्य प्रशिक्षक पाहिले.

हे सगळं म्हसा गावापासून फार लांबचं वाटेल. पण अंगाला अंग भिडणारा, लिलाव होणारा, टीव्हीवर चालणारा आणि प्रशिक्षक बदलणारा खेळ आता आपल्याकडेही आहे. प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी झाला आणि तेव्हापासून दोन्ही वाद आपल्या अंगणात आले. फरक इतकाच, की आपल्याकडे ते मोठ्याने होत नाहीत.

आधी लांबीचा हिशेब. पहिल्या चार हंगामांत आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीत १४ सामने. पहिला हंगाम ३७ दिवसांत आटोपला. खेळ इतका चालला, की २०१६ मध्ये संयोजकांनी वर्षातून दोन हंगामांचा घाट घातला: एक ३० जानेवारीपासून, दुसरा २५ जूनपासून. तो प्रयोग त्या एका वर्षापुरताच राहिला. २०१७ मध्ये संघ बारा झाले, प्रत्येकाचे सामने २२ झाले, आणि २८ जुलै ते २८ ऑक्टोबर अशी तीन महिन्यांची, १३८ सामन्यांची मोठी जत्रा भरली. पुढची काही वर्षं हाच आकडा टिकला. महासाथीच्या वेळी, डिसेंबर २०२१ मध्ये, सगळे संघ बेंगळुरूत एकाच छताखाली कोंडून खेळले, तरी सामने प्रत्येकी २२ च होते. कपात झाली ती २०२५ च्या बाराव्या हंगामात. तेव्हा प्रत्येक संघाला १८ सामने मिळाले. ज्या अठराच्या आकड्यासाठी अमेरिकेत मालक खेळाडूंची मनधरणी करताहेत, तिथे कबड्डी उलट्या दिशेने, वरून खाली आली.

म्हणजे आपल्या खेळाडूंना विश्रांती मिळाली का? इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. हंगामाचे एकूण दिवस प्रत्येक संघाच्या साखळी सामन्यांनी भागले, तर पहिल्या हंगामात साधारण अडीच दिवसांनी एक सामना येत होता. २०१७ मध्ये हे अंतर चार दिवसांवर गेलं. २०२४ मध्ये, १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर या ७३ दिवसांत २२ सामने, म्हणजे सव्वातीन दिवसांनी एक. २०२५ चा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ऑक्टोबरला संपला. ६४ दिवस, १८ सामने, म्हणजे साडेतीन दिवसांनी एक. चार सामने कमी झाले, पण त्यांच्यासोबत नऊ दिवसही कमी झाले. खेळाडूच्या गुडघ्याला मिळालेली जादा उसंत जेमतेम काही तासांची. एनएफएलमध्ये १७ सामने १८ आठवड्यांत होतात, म्हणजे आठवड्याला एक. कबड्डीची धडक तितकी जड नसेल, पण ती चार दिवसांच्या आत पुन्हा बसते.

ही धडक कशी असते ते जवळून पाहायला हवं. चढाई तीस सेकंदांची. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, बोनससाठी एक पाय पुढे टाकतो आणि त्याच क्षणी कोपरारक्षक खाली झेपावून घोटा धरतो. चढाईपटूचं सगळं वजन एका गुडघ्यावर येतं, शरीर मध्यरेषेकडे वळलेलं आणि पाय मात्र मागे अडकलेला. मातीत तो पाय थोडा घसरतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट घट्ट रुततो, पिळा सांध्यालाच सोसावा लागतो. खेळ मातीतून मॅटवर गेला तेव्हा कपडे स्वच्छ राहू लागले, पण घसरण्याची मुभा गेली.

अस्लम इनामदारचं उदाहरण ताजं आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेल्या या तरुणाने पुणेरी पलटणचं नेतृत्व करत १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून संघाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने तो बाहेर गेला आणि गतविजेता संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईचंही तसंच. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पदार्पणातच चढाईचे दोनशेहून अधिक गुण, पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सची १ कोटी ४५ लाखांची बोली, आणि आठव्या हंगामात मोजक्या सामन्यांनंतर दुखापतीने माघार.

आता प्रशिक्षकांकडे वळू. यू मुंबाने २०१५ मध्ये ई. भास्करन यांच्या मार्गदर्शनाखाली दुसरा हंगाम जिंकला आणि पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली. नंतरचा प्रवास पाहा. सहाव्या हंगामात इराणचे घोलामरेझा माझंदरानी, सातव्यात संजीव बालियान, आठव्यात राजगुरू सुब्रमण्यम, नवव्यात अनिल चपराणा आणि दहाव्यात पुन्हा माझंदरानी. पाच हंगामांत पाच वेळा खुर्ची हलली. बालियान यांनी यू मुंबाला उपांत्य फेरीत नेलं, तिथे अवघ्या दोन गुणांनी हार झाली आणि ते जयपूरला गेले. जयपूरच्या पिंक पँथर्सनी त्यांना दुसरं वर्ष दिलं आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईतच विजेतेपद उचललं. माझंदरानी परतले तेव्हा पहिल्या वर्षी यू मुंबा दहाव्या स्थानावर राहिली. या वेळी त्यांना दुसरं वर्ष मिळालं आणि संघ बाद फेरीत पोहोचला.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आठव्या ते बाराव्या हंगामापर्यंतचे विजेते ओळीने मांडले तर एक गोष्ट लख्ख दिसते. दिल्लीचे कृष्णकुमार हुड्डा तिसऱ्या वर्षी जिंकले. जयपूरचे बालियान दुसऱ्या. पुण्याचे बी. सी. रमेश परतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी. त्याआधीच्या वर्षी ते अंतिम सामना चार गुणांनी हरले होते. हरियाणाचे मनप्रीत सिंग तिसऱ्या वर्षी, तेही आदल्या वर्षीचा अंतिम सामना हरून. दिल्लीचे जोगिंदर नरवाल दुसऱ्या वर्षी. पाच हंगाम, पाच विजेते, आणि एकही प्रशिक्षक आपल्या संघात नवखा नव्हता.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. कबड्डीत बचाव ही सात जणांची साखळी. कोपऱ्याने झेप कधी घ्यायची आणि मध्यरक्षकाने अंग कधी टाकायचं हे डोळ्यांच्या इशाऱ्यावर ठरतं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते. तेव्हा कुणाला पाठवायचं, कुणाला बसवायचं, समोरचा संघ तीन खेळाडूंवर आला तर अव्वल पकडीच्या दोन गुणांचा धोका पत्करायचा की निदान रेषा ओलांडून तसंच परत यायचं, हे सगळं सवयीने येतं. लिलावात खेळाडू विकत मिळतो, सवय मिळत नाही.

अर्थात दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुण्याच्या २०२४ च्या विजयात आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हरियाणाच्या विजयात एक चेहरा समान होता, मोहम्मदरेझा शादलूचा. पुण्याने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, हरियाणाने २ कोटी ७ लाख. मग श्रेय प्रशिक्षकाचं की शादलूचं? बाराव्या हंगामात गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि संघ बाद फेरीच्या बाहेरच राहिला. तेव्हा एकट्या खेळाडूने भागत नाही हेही कळलं. नव्या प्रशिक्षकाने पहिल्याच वर्षी जादू केल्याचे दाखलेही आहेत. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगालला पहिल्या वर्षीच जिंकून दिलं. अकराव्या हंगामात २२ पैकी दोनच सामने जिंकलेल्या बेंगळुरू बुल्सने सुरुवातीपासूनचे प्रशिक्षक रणधीर सिंग यांच्या जागी रमेश यांनाच आणलं आणि संघ तळातून उठून बाद फेरीत आला. पुण्याला अजय ठाकूर यांनी पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तिथे दिल्लीकडून २८-३१ अशी हार झाली. थोडक्यात, बदल कधी औषध असतो. दर वर्षीचा बदल मात्र नुसतं व्यसन.

वेळ मिळाला तर प्रशिक्षक काय करू शकतो याचा सर्वांत लखलखीत पुरावा लीगबाहेरचा आहे आणि तो महाराष्ट्राचा आहे. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला संघाची जबाबदारी घेतली. परकी भाषा, परके नियम, आणि समोर भारतासारखा दोन वेळचा आशियाई विजेता. त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि सरावात योग आणि प्राणायाम आणला. सुमारे दीड वर्ष एकाच संघावर मेहनत घेतली. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्तातल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी उपांत्य फेरीत, १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेल्या भारताला नमवलं होतं. भारताचे तेव्हाचे कर्णधार होते अजय ठाकूर. विजयी महिला संघाच्या बाकावर बसलेली मराठी बाई दोन दिवस साऱ्या देशात चर्चेचा विषय झाली.

पुन्हा म्हशाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे. बाराव्या हंगामाच्या तारखा पाहिल्या तर तो भात निसवत असताना सुरू झाला आणि कापणीच्या तोंडावर संपला. म्हणजे लीगचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर एकमेकांच्या पाठोपाठ आली. अमेरिकन खेळाडूचा हंगाम संपला की तो संपतो. सामने किती आणि सराव किती, हे त्याच्या संघटनेने केलेल्या करारात लिहिलेलं असतं. प्रो कबड्डीतल्या खेळाडूंचा मालकांशी असा सामूहिक करार नाही. आणि त्याहून खाली, लीगमध्ये जाण्याचं स्वप्न पाहणाऱ्या गावच्या पोराचा तर हिशेब कुणीच ठेवत नाही. संध्याकाळी सुरू झालेली स्पर्धा पहाटेपर्यंत चालते. चांगला संघ एका रात्रीत तीन-चार सामने खेळतो. तीच पोरं दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात उतरतात, कारण चषकाबरोबर रोख बक्षीस असतं आणि ‘उत्कृष्ट चढाई’ची ट्रॉफी असते. त्यांचा प्रशिक्षक म्हणजे मंडळातला एखादा जुना खेळाडू. पगार नाही, करार नाही, म्हणून त्याला कुणी काढतही नाही. तो वीस-वीस वर्षं तिथेच असतो. दुसऱ्या वर्षाचा फायदा सर्वांत जास्त गावालाच मिळतो, विश्रांतीचा मात्र अजिबात नाही.

उपाय खर्चिक नाहीत. संघमालकांनी प्रशिक्षकाशी निदान दोन हंगामांचा करार करावा. लीगने सामने कमी करताना दिवसही कमी करू नयेत. आणि गावच्या स्पर्धेत एका संघाला एका रात्री दोनांहून अधिक सामने देऊ नयेत. गरज पडली तर बाद फेरी दुसऱ्या रात्रीवर ढकलावी. मांडवाचं आणि दिव्यांचं भाडं एका रात्रीने वाढेल, एवढंच.

या पौष पौर्णिमेच्या सुमारास तुमच्या दारात कबड्डीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक येईल. पावती फाडण्याआधी त्या पोरांना एवढंच विचारा: एका संघाला एका रात्रीत किती सामने खेळवणार आहात?