नोकरी सांभाळून शिकण्याजोगा विषय : आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापन

श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड, चिपळूण या भागांतून आखाती देशांत गेलेल्या आपल्या बांधवांत सुतार, वेल्डर, शिंपी, ड्रायव्हर, आचारी असे हातात कसब असलेले लोक पुष्कळ होते. त्यांची शिकलेली मुले आज तिकडच्या कंपन्यांत टाइमकीपर, स्टोअरकीपर, कारकून म्हणून काम करताना दिसतात. हजेरी लिहिणे, रजेचा हिशेब ठेवणे, व्हिसाचे कागद तयार करणे ही कामे त्यांच्या अंगवळणी पडलेली असतात. परंतु वरच्या जागेचा प्रश्न आला की पदवी विचारली जाते आणि अनुभवी माणूस मागे राहतो. नोकरी सोडून कॉलेजात बसणे त्याला परवडत नाही. अशांसाठी ऑनलाइन शिक्षणाची वाट आता खुली आहे. तिची माहिती आम्ही येथे देत आहोत.

विषय काय आहे?

माणसे निवडणे, करार करणे, पगार ठरवणे, प्रशिक्षण देणे, तक्रारी सोडवणे आणि नोकरी संपताना हिशेब चुकता करणे, या सर्वांचे शास्त्र म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापन. माणूस एका देशाचा, काम दुसऱ्या देशात आणि मालक कदाचित तिसऱ्या देशाचा असला म्हणजे ते आंतरराष्ट्रीय होते. तेथे प्रत्येक देशाचा कायदा व रीतिरिवाज वेगळा समजून घ्यावा लागतो.

एक उदाहरण पाहा. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. आता दोन कामगार घ्या. दोघांचाही महिन्याचा पगार २,५०० दिरहम. पण एकाच्या करारात मूळ पगार १,५०० आणि दुसऱ्याच्या करारात १,००० लिहिला आहे, बाकीचे भत्ते. ६ वर्षांनी दोघांनाही १३५ दिवसांची रक्कम मिळेल. पहिल्याच्या हातात ६,७५० दिरहम पडतील, दुसऱ्याच्या ४,५००. काम तेच, महिन्याचा पगार तोच. करारातील एका आकड्याने २,२५० दिरहमांचा फरक पडला.

सौदी अरेबियात हिशेब निराळा. तेथे पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला अर्ध्या महिन्याचे आणि पुढे दर वर्षाला पूर्ण महिन्याचे वेतन मिळते. मात्र ५ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि १० वर्षांच्या आत कामगाराने स्वतः राजीनामा दिला, तर साधारणतः या रकमेचा दोन तृतीयांश भागच हाती येतो. ज्याला हे ठाऊक आहे, तो कंपनीला उपयोगी पडतो आणि आपल्या गावच्या माणसालाही सही करण्यापूर्वी सावध करू शकतो.

अभ्यासक्रम निवडताना

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय घेऊन एमबीए करता येते. ऑनलाइन एमबीए देणारी इतर विद्यापीठेही आहेत. त्यासाठी आधीची पदवी लागते. ब्रिटनच्या सीआयपीडी या व्यावसायिक संस्थेची पायरीपायरीची प्रमाणपत्रेही या क्षेत्रात ओळखली जातात. आपल्याला हा विषय झेपेल की नाही अशी शंका असेल, तर सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर व्यवस्थापनाचे पाठ मोफत ऐकता येतात. तेथून सुरुवात करावी.

प्रवेश घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळाव्यात :

१) विद्यापीठाला त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची यादी स्वतः पाहावी. एजंटच्या शब्दावर जाऊ नये. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

२) ज्या देशात नोकरी करायची, तेथे ऑनलाइन पदवी चालते का? भारतात मान्य असलेली पदवी तिकडे मान्य होईलच असे नाही. आपल्या कंपनीच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

३) फी सत्रागणिक भरता येते का? एकरकमी फीसाठी कर्ज घ्या म्हणून गळ घालणारे पुष्कळ भेटतात. सत्रागणिक फी पगारातून भरता येते आणि व्याजाच्या भानगडीत पडावे लागत नाही.

४) 'परीक्षेशिवाय पदवी' किंवा 'मागील तारखेची पदवी' देऊ म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. परदेशात बनावट कागद पकडला गेला तर नोकरी तर जातेच, तुरुंगाचीही पाळी येते.

वेळेचे गणित

मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. ४ क्रेडिटच्या एका विषयाला १२० तास लागतात. रोज १ तास दिला तर एक विषय ४ महिन्यांत होतो. एका सत्रात असे अनेक विषय असतात, म्हणून सुट्टीच्या दिवशीही बसावे लागेल. फजरच्या नमाजनंतरचा शांत तास अभ्यासासाठी चांगला. दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत झाला तरी बिघडत नाही. विद्यापीठे त्यासाठी जादा मुदत देतात. हातातील नोकरी सोडून शिकण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. रोजचे काम हीच या विषयाची प्रयोगशाळा आहे.

हा विषय नोकरदारांपुरताच नाही. ज्यांच्या कारखान्यात १० किंवा अधिक माणसे आहेत, त्यांना आपल्या देशातही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. घरातील पदवीधर मुलगा किंवा मुलगी हे शिकली, तर हजेरी, पगार आणि करार यांचे कागद घरच्या घरी नीट राहतील. मजुराचा हक्क वेळेवर देण्याची ताकीद आपल्याला दीनने दिलेलीच आहे. तो हक्क नेमका किती, हे मोजण्याची विद्या या अभ्यासातून मिळते. ती घेण्यास आपण मागे राहू नये.