दुपारचे ऊन, पहाटेचा गारवा : शरदातील पेहरावाचे प्रयोग

दिवाळी सरत आली की जुन्या जालन्यात एकाच दिवसात दोन ऋतू अनुभवास येतात. पहाटे गांधी चमनच्या बाजूने फिरायला निघालेली मंडळी कानाला रुमाल गुंडाळून झपझप चालत असतात. दुपारी दोनच्या सुमारास त्याच रस्त्याने डोक्यावर पदर किंवा स्कार्फ घेतल्यावाचून चालवत नाही. आणि सायंकाळी कुंडलिकेच्या पुलावरून दुचाकीने नव्या जालन्याकडे जाताना अंगावर पुन्हा शिरशिरी येते. समुद्रापासून दूर आणि सुमारे ५०० मीटर उंचीवर असलेल्या या भागात हवा कोरडी झाली की दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर दुपारचा पारा तिशीच्या आसपास आणि पहाटेचा त्याच्या निम्म्यावर, असे चित्र येथे नवे नाही. अशा हवेत ‘काय घालावे’ हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

त्यातच हे दिवस खरेदीचे. सोयाबीन घरात आलेले असते, कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि शेतीवर चालणाऱ्या या बाजारपेठेत वर्षातील मोठा पैसा याच काळात फिरतो. दसरा-दिवाळीला कपड्यांवर झालेला खर्च अनेक घरांत पुढच्या वर्षापर्यंत पुरवावा लागतो. एकदा नेसून कपाटात गेलेली साडी किंवा दुपारी नकोसा आणि पहाटे अपुरा वाटणारा स्वेटर म्हणूनच परवडत नाही. रंग, नक्षी आणि वीण यांचे प्रयोग जरूर करावेत. पण ते येथील हवा आणि आपले कपाट पाहून करावेत, हे ध्यानात घेतले तर थोड्या पैशांत पेहराव पुष्कळ बदलतो.

परदेशी शरद आणि आपला शरद

ब्रिटनमध्ये गावातील मुख्य बाजाररस्त्याला ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. तेथील दुकानांत सर्वसामान्यांना परवडेल अशी फॅशन मिळते, म्हणून तिला हाय स्ट्रीट फॅशन हे नाव पडले. पॅरिस, मिलान, लंडन येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढील शरद-हिवाळ्याचे कपडे सादर होतात आणि सप्टेंबरच्या सुमारास त्यांच्या स्वस्त आवृत्त्या दुकानांत लागतात. विटकरी, मोहरी, गर्द शेवाळी असे रंग, मोठ्या चौकड्या आणि जाड स्वेटर हा त्यांचा ठरलेला साज. तेथे या दिवसांत पानगळ असते, ऊन तिरपे आणि मंद होते, दिवस आखूड होत जातो. त्या उजेडाला हे रंग शोभतात.

आपल्याकडे पानगळ शरदात नव्हे, शिशिरात होते. आश्विन-कार्तिकात मराठवाड्यातील रान पावसाने न्हालेले असते. तुरीला पिवळी फुले येतात, बांधावर झेंडू फुलतो, कापसाची बोंडे पांढरीशुभ्र फुटतात आणि रब्बीची ज्वारी पोपटी कोंब काढते. ऊन लखलखीत असते. त्यामुळे मोबाईलवर दिसणारा परदेशी ‘ऑटम लुक’ जशाच्या तसा उचलला, तर तो जालन्याच्या दुपारी अंगाला जड आणि डोळ्याला मळकट वाटू शकतो. त्यातून घ्यायचे ते तत्त्व : ऋतूच्या उजेडाकडे पाहून रंग निवडणे.

रंग : काठ-पदराचा धडा

रंगसंगतीचे नियम शिकण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ते आपल्या साडीतच विणलेले आहेत. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या गेलेल्या इरकल लुगड्याचे अंग गर्द हिरवे, निळे किंवा जांभळे, तर काठ-पदर लाल असतो. अंग मोठे आणि शांत, काठ अरुंद आणि ठसठशीत. विरोधी रंग समान प्रमाणात न घेता एकाला प्रमुख व दुसऱ्याला दुय्यम स्थान दिल्याने ही जोडी खुलते. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून हालचालीबरोबर छटा बदलते. पैठणीचे काठही अंगाच्या रंगाला छेद देऊनच उठून दिसतात. हेच प्रमाण रोजच्या कपड्यांना लावता येते : साधा मोतिया कुर्ता आणि आमसुली ओढणी, राखाडी शर्ट आणि मोहरी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, पांढरी साडी आणि गुलबक्षी ब्लाउज. नवा रंग अजमावायचा तर तो आधी ओढणी, मफलर, ब्लाउज अशा लहान वस्तूत अजमावावा. नाही पटला तर नुकसान थोडे होते.

गडद रंग उष्णता अधिक शोषतात, हेही लक्षात असावे. म्हणून दुपारी बाहेर वावरणाऱ्यांनी अंगातले कपडे फिक्या रंगाचे आणि वरून काढता येतील असे कपडे गडद रंगाचे ठेवावेत. संक्रांतीला काळे वस्त्र नेसण्याची आपली रीत थंडीच्या ऐन दिवसांत येते, तिच्यामागचे कारणही हेच सांगितले जाते.

रंग निवडताना दुकानातील दिव्यांवर विसंबू नये. प्रखर पांढऱ्या उजेडात निळा आणि जांभळा, बदामी आणि गुलाबीसर यांत गल्लत होते. कापड दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात, चेहऱ्याजवळ धरून पाहावे. गुजरी किंवा बाजारातले जुने दुकानदार स्वतःहून तसे करून दाखवतात, ते उगीच नाही.

नवरात्रातील नऊ रंगांनी या बाबतीत एक मोठाच बदल घडवला. या शतकाच्या पहिल्या दशकात वृत्तपत्रांतून ही प्रथा रुजली आणि कार्यालये, शाळा, बँका यांतून सर्वत्र पसरली. रंगांचा क्रम वारांवर बेतलेला असतो : रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, उरलेल्या दोन दिवसांसाठी गुलाबी, जांभळा, मोरपंखी अशांतून निवड होते. म्हणजे सात रंग दरवर्षी तेच, केवळ क्रम बदलतो. हे ध्यानात आले की दरवर्षी नव्या खरेदीची गरज उरत नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या यात्रेला जाताना गेल्या वर्षीचीच करडी साडी यंदा वेगळ्या ब्लाउजवर नेसता येते.

या प्रथेचा आणखी एक लाभ झाला. ‘आता या वयात केशरी कसा नेसायचा’ म्हणून बाजूला पडलेले रंग चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांनी पुन्हा अंगावर घेतले. वय वाढले की रंग फिका व्हावा, हा समज इतका पक्का आहे की अनेक कपाटे बदामी आणि राखाडी रंगांनी भरून जातात. पण खेड्यातील सत्तरीच्या आजीचे लाल पदराचे हिरवेगार इरकल पाहिले, तर या समजाला आपल्याच परंपरेत फारसा आधार नाही, हे दिसून येते. पुरुषांचीही स्थिती वेगळी नाही. पांढरा, निळा आणि तपकिरी यांपलीकडे त्यांची मजल क्वचितच जाते. एखादा विटकरी किंवा बाटलीहिरवा कुर्ता ही त्यांच्यासाठी चांगली सुरुवात ठरेल.

नक्षी : लहान आणि मोठी

छापील कापडाचा प्रयोग फसतो तो बहुधा नक्षीच्या आकारामुळे. अंगभर मोठी फुले आणि ओढणीवरही तितकीच मोठी फुले असली की नजर कोठेच ठरत नाही. एक नक्षी मोठी असेल तर दुसरी बारीक असावी आणि दोहोंत किमान एक रंग सामाईक असावा, एवढा नियम पाळला तरी दोन वेगळ्या छापांची जोडी जमते. बारीक चौकडीचा शर्ट आणि त्यावर रुंद पट्ट्यांचा मफलर, बारीक बुट्टीची साडी आणि अजरखचा ब्लाउज, अशा जोड्या त्यामुळेच शोभतात. इरकलच्या अंगावरील बारीक रेघा आणि खणाच्या चोळीवरील बुट्टी ही याच तत्त्वावरची जुनी जोडी होय.

शरदासाठी ठशांचे सुती कापड विशेष सोयीचे. कच्छच्या अजरखमध्ये निळीचा गर्द निळा आणि मंजिष्ठेचा तांबडा असे रंग येतात. राजस्थानातील बगरूमध्ये मातकट पार्श्वभूमीवर काळ्या-तांबड्या बुट्ट्या असतात. परदेशी शरदाचे उबदार रंग येथे हलक्या सुतात मिळतात. असे कापड घेताना ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाहावा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पहिले काही दिवस वेगळे आणि थंड पाण्यात धुवावे.

नक्षी आणि ऊब दोन्ही हवी असतील, तर उत्तर जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल ही सूत आणि रेशीम एकत्र विणून तयार होते. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलवली, त्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला येथे आणली असे परंपरा सांगते. जरीच्या किमखाबाच्या मानाने स्वस्त, लोकरीच्या शालीच्या मानाने हलकी अशी ही शाल साध्या एकरंगी पोशाखावर घेतली की वेगळ्या अलंकाराची गरज भासत नाही. रेशमाशी खुद्द जालन्याचेही नवे नाते जडले आहे. राज्यातील पहिली रेशीमकोष बाजारपेठ २०१८ मध्ये येथेच सुरू झाली.

वीण : स्वेटरपलीकडे

‘निटवेअर’ म्हटले की डोळ्यांपुढे स्वेटर येतो. वास्तविक टी-शर्ट, लेगिंग, बनियन हेही विणीचेच कपडे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना ओलांडतात. सुयांवरच्या विणीत एकच धागा फासे घेत पुढे सरकतो. फाशांमुळे कापड ताणले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. फाशांच्या पोकळीत हवा अडकते, आणि ही अडकलेली हवाच ऊब देते. म्हणूनच एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बहुधा अधिक उपयोगी पडतात : दोहोंमध्ये हवेचा आणखी एक थर राहतो आणि ऊन चढले की एक थर उतरवता येतो.

जालन्याच्या शरदासाठी म्हणूनच पहिली पसंती सुती विणीला द्यावी. पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट किंवा कुर्त्यावर पातळ सुती कार्डिगन दिवाळीनंतरच्या सकाळ-संध्याकाळींना पुरेसे होते. जिल्ह्याच्या शेतातून कापूस गाठींच्या रूपाने बाहेर पडतो आणि तमिळनाडूतील तिरुप्पूरसारख्या गावांतील यंत्रांवर विणलेले सुती कपडे जालन्याच्या दुकानांत येतात; तेव्हा हे वस्त्र परके नाही. लोकरीचा थर मार्गशीर्षापासून उपयोगी पडतो, आणि तोही पातळ, पुढून उघडणारा असला तर अधिक दिवस वापरला जातो.

हिवाळ्याच्या तोंडावर महाराष्ट्रातील अनेक शहरांत रस्त्याकडेला स्वेटरची दुकाने लागतात. त्यांतील बराच माल लुधियानाचा असतो. तिबेटी विक्रेते वर्षानुवर्षे तेथूनच माल आणत आले आहेत. तेथे ‘लोकर’ म्हणून दाखवलेला प्रत्येक कपडा लोकरीचा असतोच असे नाही. ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा स्वस्त, रंगाने चमकदार आणि धुण्यास सोपा असतो. मात्र त्यात घाम कोंडतो आणि घासून त्यावर लवकर गोळे येतात. शिवणीतील सुटा धागा घरी जाळून पाहिला तर फरक कळतो. लोकर जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. सुताला कागद जळाल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ॲक्रिलिक घेऊच नये असे नव्हे. पण लोकरीचा दाम देऊन ते घेऊ नये.

विणीचे पोतही पेहरावात रंगासारखेच काम करते. साध्या सुती साडीवर जाळीदार क्रोशेचे जाकीट, गुळगुळीत कुर्त्यावर उभ्या पट्टीची वीण किंवा वेणीच्या नक्षीचा बिनबाह्यांचा स्वेटर घातला, तर एकाच रंगाचा पोशाखही सपाट दिसत नाही. मात्र छापील कपड्यावर साधी वीण आणि साध्या कपड्यावर नक्षीची वीण, हा तोल सांभाळावा.

निगा आणि पुनर्जन्म

विणीचे कपडे दोरीवर टांगून वाळवू नयेत. पाण्याच्या वजनाने फासे ताणले जाऊन कपडा लांबतो. ते पिरगळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि सावलीत आडवे पसरावेत. लोकर कोमट किंवा थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. फाल्गुनात ठेवणीत टाकताना ती स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवावी, कारण घामाचे व अन्नाचे डाग राहिले की कसर लागते.

सरतेशेवटी खरेदीला निघण्यापूर्वीचे एक काम. कपाटातील सर्व कपडे एकदा पलंगावर काढावेत आणि रंगांनुसार लावावेत. कोणता रंग तीन-तीनदा आला आहे आणि कोणता मुळीच नाही, कोणत्या छापील कुर्त्याला साधी जोडी नाही, कोणती साडी एकाच ब्लाउजमुळे अडकून पडली आहे, हे अर्ध्या तासात समजते. मग नवी वस्तू एकच घ्यावी, पण ती अशी की जुन्या किमान तीन कपड्यांशी तिचे जुळावे.

हाताने विणणाऱ्या घरांना हा हिशोब पूर्वीपासून ठाऊक आहे. लेकराला आखूड झालेला स्वेटर त्या घरांत टाकला जात नसे. एक टोक सोडवून तो उसवला जाई, लोकर धुऊन, ताणून तिचे गुंडे केले जात आणि जुन्या निळ्याला नव्या पिवळ्याचे पट्टे घालून पुढच्या हिवाळ्यासाठी मोठ्या मापाचा स्वेटर सुयांवर चढे. लोकर कमी पडे म्हणून दुसरा रंग घेतला जाई आणि रंगसंगतीचा नवा प्रयोग त्यातूनच साधला जाई.