एका गावात दोन दरबार
(लेखमाला : घरचा संगणक, घरचा कारभार – भाग ७)

देवासच्या माणसाला ‘ड्युअल बूट’, म्हणजे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, समजावून सांगायला वेळ लागत नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८मध्ये इथे बस्तान बसवलं आणि पुढे थोरली पाती, धाकटी पाती अशा दोन गाद्या या एकाच गावात नांदल्या. हमरस्त्याच्या एका अंगाला थोरल्यांचा अंमल, दुसऱ्या अंगाला धाकट्यांचा. पाण्याची आणि दिवाबत्तीची सोयसुद्धा वेगवेगळी. १९४८मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन होईपर्यंत हे चाललं. धारच्या पवारांची मात्र एकच गादी.

गेल्या आठवड्यात आपण धारचा मार्ग पाहिला : सगळी डिस्क पुसून एकटं लिनक्स मिंट. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, त्याला हाच मार्ग बरा. पण घरात खेळणारं पोर असेल, तर गाडी अडते व्हॅलोरंटपाशी.

खेळ लिनक्सवर चालत नाहीत, हे आता जुनं झालं. व्हॉल्व्हने २०१८मध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ स्टीममधून लिनक्सवर धावू लागले. काउंटर-स्ट्राइक २ला तर प्रोटॉनचीही गरज नाही. अडचण आहे ती चोरट्या खेळाडूंवर पहारा ठेवणाऱ्या प्रणालींची. व्हॅलोरंटचा ‘व्हॅनगार्ड’ थेट विंडोजच्या कर्नलमध्ये बसतो, त्यामुळे लिनक्सवर तो खेळ उघडतच नाही. फोर्टनाइटची तीच कथा. अशा एकदोन खेळांपायी अख्खं घर विंडोजवर ठेवण्यापेक्षा दुसरी पाती मांडावी, असं माझं मत.

दोन दरबार म्हटले की कुरबुरी आल्याच. पहिली घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मग सकाळी दहाला विंडोज उघडावं तर साडेचार वाजलेले! टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ची एक आज्ञा दिली की लिनक्सही स्थानिक वेळ पाळतं. दुसरी कुरबुर ‘फास्ट स्टार्टअप’ची. हे चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स त्याच्या विभागात काही लिहायला कचरतं. ते विंडोजमधून बंदच करून टाका. आणि प्रोटॉनवरचे खेळ विंडोजच्या एनटीएफएस विभागात ठेवू नका. लिनक्सच्या ईएक्सटी४वर ठेवलेत तर निम्मी डोकेदुखी वाचेल.

मोठा तंटा मात्र दरवाज्यावरच होतो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजचा एक सुरक्षा अपडेट आला आणि शेजारी नांदणारं लिनक्स कित्येकांच्या संगणकांवर सुरूच होईना. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरतं बंद करून लोकांनी मार्ग काढला. पण ते कायमचं बंद ठेवायचीही सोय नाही, कारण विंडोज ११वर व्हॅलोरंटला तेच चालू लागतं. शक्य असेल तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या, एकेका दरबाराला एकेक. एकमेकांच्या दारात पाय घालण्याचा प्रसंग बराच टळतो.

एक गोष्ट मात्र या संगणकावर मांडू नका : घरचा सर्व्हर. देवासात दोन्ही दरबार एकाच वेळी भरत. इथे एक उठल्याशिवाय दुसरा बसत नाही. पोरगं विंडोजमध्ये खेळायला बसलं, की लिनक्समधल्या जेलीफिन या मीडिया सर्व्हरवर चाललेली आजीची भजनं बंद! (कुमार गंधर्वांच्या गावात हे आजी खपवून घेणार नाही.) त्यासाठी कपाटातला जुना लॅपटॉप काढा आणि त्यावर डेबियन टाका. झाकण मिटल्यावर तो झोपू नये म्हणून ‘लॉगइनडी’च्या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच’पुढे ‘इग्नोर’ लिहायचं. बॅटरी थोडीफार शाबूत असेल तर वीज गेल्यावर तीच यूपीएसचं काम करते; राउटरला मात्र वेगळा छोटा यूपीएस घ्यावा लागेल.

हा सर्व्हर इंदूरहून किंवा पुण्याहून कसा उघडायचा, ते पुढच्या भागात. तोवर, डिस्कचे विभाग पाडायच्या आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू आहे का तेही पाहा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत उतरवून ठेवा, त्याच संगणकात नको.